दोन नांगर

मुलांनो, स्कूबा डायव्हिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? रंगीत मासे, निळं पाणी, तोंडातून निघणारे बुडबुडे. आमच्या मालवणला येणारे पाहुणे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात थोडा वेळ उतरतात, माशांबरोबर फोटो काढून घेतात आणि खूश होऊन परत जातात. त्या फोटोत नीट पाहिलंत, तर पाहुण्याच्या पाठीमागे एक हात दिसतो. पाहुण्याला धरून ठेवणारा, त्याची हवा, त्याची खोली सांभाळणारा. असा एक हात माझ्या धाकट्या भावाचा आहे. आठ वर्षं तो हे काम करतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवते. माझ्या वर्गात त्याला सगळे 'बाईंचा पाणबुड्या भाऊ' म्हणून ओळखतात.

गेल्या वर्षी त्याने ठरवलं, की आता 'टेक्निकल डायव्हिंग' शिकायचं. घरात हा शब्द पहिल्यांदाच आला. आई म्हणाली, "आता आणि काय नवीन?" मलाही तेच वाटलं. मग पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद असताना तो रोज संध्याकाळी माझ्याकडे वही घेऊन बसू लागला, आणि त्याच्याबरोबर मीही शिकले. त्यातलं थोडं आज तुम्हांला सांगते.

आधी एक गैरसमज दूर करू. पाणबुड्याच्या पाठीवर 'ऑक्सिजनची टाकी' असते, असं आपण सर्रास म्हणतो. साध्या स्कूबात त्या टाकीत आपण घेतो तीच हवा असते. गाळलेली, कोरडी केलेली आणि दाबून भरलेली. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी असं यंत्र तयार केलं, की माणूस श्वास घेईल तेव्हाच आणि लागेल तेवढीच हवा टाकीतून येईल. आजचं सगळं स्कूबा त्यातूनच वाढलं.

आता पाण्याच्या दाबाकडे या. जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा एक 'वातावरण' दाब असतो. समुद्रात दर १० मीटर खाली गेलं की आणखी एक वातावरण वाढतं. म्हणजे १० मीटरवर दोन, २० वर तीन, ४० वर पाच. दाब पाचपट, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही पाचपट लागते. शिवाय दाबाखाली हवेतला नायट्रोजन हळूहळू रक्तात आणि अंगात मुरत जातो.

सोड्याची बाटली आठवा. झाकण बंद असतं तोवर पाणी कसं शांत दिसतं! झटकन उघडली की फेस बाहेर. पाणबुड्या खोल पाण्यात बराच वेळ राहिला आणि झटकन वर आला, तर त्याच्या अंगात असाच फेस होतो. सांधे ठणकतात, कधी पाय लुळे पडतात, कधी जीवही जातो. हळूहळू उघडली, तर मात्र बाटली फसफसत नाही. हे 'हळूहळू' म्हणजे नेमकं किती, ते जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने शोधलं. ब्रिटिश नौदलासाठी त्याने बकऱ्यांवर प्रयोग केले. त्रास झालेली बकरी पुढचा पाय उचलून धरायची, त्यावरून त्याला कळायचं. १९०८ साली त्याने तक्ते छापले. इतक्या खोलीवरून वर येताना अमुक ठिकाणी अमुक मिनिटं थांबा, असे ते तक्ते होते.

साध्या, हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर धरतात. तिथेही वेळ इतका थोडा ठेवतात, की काही बिघडलंच तर माणूस सावकाश पण सरळ वर येऊ शकतो. टेक्निकल डायव्हिंगमध्ये मात्र डोक्यावर छत असतं. पाण्यातली गुहा किंवा बुडालेलं जहाज असेल, तर ते खरंखुरं छत. मोकळ्या समुद्रात ते दिसत नाही, पण असतंच. अंगात नायट्रोजन इतका मुरलेला असतो, की ठरलेल्या ठिकाणी थांबल्याशिवाय वर येता येत नाही. वर सूर्य दिसतोय, होडीचा तळ दिसतोय, आणि तरी ६ मीटरवर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं! काही बिघडलं तर ते तिथेच, पाण्यातच दुरुस्त करायचं.

हे कळलं की मग सामान समजतं.

गणपतीच्या आधी भावाने जमवलेलं सामान ओटीवर मांडलं. दोन सिलिंडर, एकमेकांना जोडलेले. त्यांच्यावर दोन वेगवेगळे रेग्युलेटर, म्हणजे दाबलेली हवा श्वासाजोगी करून देणारी यंत्रं. दोन मास्क. दोन कापायची हत्यारं. मनगटावर बांधायचे दोन संगणक. दोरीची दोन रिळं. आई भाजी निवडत होती. तिने एकदा सामानाकडे आणि एकदा त्याच्याकडे बघितलं.

"ह्या सगळा दोन दोन कित्याक रे? तुका तोंडा दोन असत काय?"

आम्ही दोघं हसलो. आई हसली नाही. आमचे वडील मासेमारीला जायचे. समुद्राशी थट्टा तिला आवडत नाही.

मग त्याने तिला एकेक वस्तू हातात देऊन समजावलं. जोडलेल्या दोन सिलिंडरांच्या मधे एक तोटी असते. एका बाजूने हवा गळू लागली, तर ती तोटी बंद करून निदान दुसऱ्या बाजूची हवा वाचवता येते. दोन रेग्युलेटरांपैकी एकाची नळी चांगली सात फूट लांब असते. सोबत्याची हवा संपली, तर आपल्या तोंडातलं तेच रेग्युलेटर काढून त्याला द्यायचं. ते चालू आहे याची खात्री असते ना, आपण त्यातूनच तर श्वास घेत असतो! आणि आपण दुसरं तोंडात धरायचं. ते रबरी दोरीने गळ्यात हनुवटीखालीच अडकवलेलं असतं, शोधावं लागत नाही. नळी लांब का? तर अरुंद वाटेतून एकापाठोपाठ एक बाहेर पडता यावं म्हणून. जाळं अडकलं तर कापायला एक हत्यार उजव्या हाताशी, एक डाव्या.

आईने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझो बापूस पण होडयेत दोन नांगर घेवन जायचो. एक तुटलो तर दुसरो. तसाच मां ह्या?"

"तसाच, आये."

टेक्निकल डायव्हिंगवरची जाड पुस्तकं आम्ही वाचली होती, पण आईइतक्या थोडक्यात त्यांनीही सांगितलं नव्हतं.

सामान निवडताना त्याने एक गोष्ट कटाक्षाने पाळली. रंग आणि कंपनी बघून काही घ्यायचं नाही. मास्क घ्यायचा तर पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवायचा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर मास्क तसाच चिकटून राहिला, तर तो आपल्या चेहऱ्याचा. पाठीला पर्यटकांच्या जाकिटाऐवजी साधा पोलादी पत्रा, त्यातून ओवलेला एकसलग पट्टा आणि मागे हवेची एक पिशवी. दिसायला अगदी ओबडधोबड! पण जितके खटके आणि बकला कमी, तितकं मोडणारं कमी. आपलं पाणी उबदार, म्हणून थंड देशांतला महागडा कोरडा पोशाख त्याने घेतला नाही. 'गरज नाही ते न्यायचं नाही, गरज आहे त्याची जोडी न्यायची,' हे त्याच्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

पैशांचा प्रश्न होताच. सामान महाग, आणि त्यातलं बरंचसं बाहेरच्या देशातून येणारं. मधे एकाने जुने सिलिंडर अगदी अर्ध्या किमतीत देऊ केले. दिसायला नवेकोरे, ताजा रंग दिलेला. भावाने सिलिंडरच्या खांद्यावरचे ठोकलेले आकडे वाचले. सिलिंडरची ठरावीक वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी घ्यावी लागते आणि ती तारीख तिथे ठोकतात. या सिलिंडरांची तारीख केव्हाच उलटून गेली होती. त्याने नमस्कार केला आणि परत आला. त्या महिन्यात दुसऱ्या रेग्युलेटरचे पैसे कमी पडत होते. 'एकावर शिकायला सुरुवात करू, दुसरा पुढच्या वर्षी,' असं तो माझ्याशी हळू आवाजात बोलत होता. आतून आईचा आवाज आला, "कमी पडतत तर सांग. माझ्याकडे काजींचे पैशे असत. एक घेवन जाव नको."

दुसरा रेग्युलेटर त्याच आठवड्यात मागवला.

आता तयारीचं सांगते, कारण खरी कठीण गोष्ट सामानाची नव्हतीच. दिवाळीनंतर समुद्र निवळला, तेव्हा त्याने एका अनुभवी प्रशिक्षकाला आपलं डायव्हिंग दाखवलं. आठ वर्षं रोज पाण्यात असलेला माणूस! त्याला वाटलं, लगेच पुढचे धडे सुरू होतील. प्रशिक्षकाने पाण्याबाहेर आल्यावर शांतपणे सांगितलं, "तुला एका जागी थांबता येत नाही. आधी ते शिकून ये."

भाऊ घरी आला तो रागातच. रात्री जेवला नाही. "मी हजारो लोकांना पाण्यात नेऊन आणलं आणि मला थांबता येत नाही?" पण दुसऱ्या दिवशी त्याच्या सोबत्याने काढलेलं चित्रीकरण बघितलं. ६ मीटरवर थांबायचं होतं आणि तो कधी पाच, कधी सातवर जात होता. हात हलत होते. पाय खाली लोंबत होते आणि तळाचा गाळ उडत होता. गुहेत किंवा जहाजात असा गाळ उडाला, तर स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही.

मग त्याची शाळा सुरू झाली. पाण्यात फळीसारखं आडवं राहायचं, हात पुढे धरून, बेडकासारखे पाय मारत. श्वासावर वरखाली होणं सांभाळायचं. घड्याळ लावून दहा मिनिटं हलायचं नाही. घरी तो ओटीवर बसून दोन्ही हात डोक्यामागे नेऊन सिलिंडरच्या तोट्या उघडायचा आणि बंद करायचा, डोळे मिटून. उजवी, मधली, डावी. आळीतली लहान मुलं ओळीत बसून त्याची नक्कल करायची आणि त्याला चिडवायची. पण तीन महिन्यांत तो ६ मीटरवर असा थांबू लागला, जशी भिंतीवरची पाल!

दुसरी तयारी गणिताची, आणि ती माझ्या वाट्याला आली. समजा, माणसाला जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा लागते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० पट दाबाने भरलेली हवा म्हणजे २४०० लिटर. जमिनीवर ती १२० मिनिटं पुरेल. ४० मीटरवर दाब पाचपट, म्हणून मिनिटाला १०० लिटर, म्हणजे फक्त २४ मिनिटं. आणि ही २४ मिनिटंसुद्धा सगळी वापरायची नाहीत. गुहेत जाणारे पाणबुडे हवेचे तीन भाग करतात. एक भाग जायला, एक यायला, आणि एक राखीव, स्वतःच्या किंवा सोबत्याच्या संकटासाठी. म्हणजे जायला उरली आठ मिनिटं! आमच्या चौथीच्या पुस्तकातले गुणाकार-भागाकारच हे. फरक इतकाच, की इथे उत्तर चुकलं तर गुण जात नाहीत, माणूस जातो.

प्राणवायूचीही गंमत आहे. ज्याच्यावाचून आपण जगत नाही, तोच खोलवर दाबाखाली विषारी होतो आणि माणसाला झटके येतात. नुसता शुद्ध प्राणवायू पाण्यात ६ मीटरपेक्षा खाली घेत नाहीत. पण वर येताना थांबलेल्या वेळी जास्त प्राणवायूची हवा घेतली, तर अंगातला नायट्रोजन लवकर निघून जातो. म्हणून पाणबुडे अशा हवेचा वेगळा सिलिंडर नेतात आणि त्यावर ठळक आकडा लिहितात : या खोलीच्या खाली हा तोंडात घ्यायचा नाही. तोंडात घेण्याआधी सोबती तो आकडा वाचून खूण करतो. आपण आपलं लिहिलेलं वाचतोच, पण दुसऱ्याने वाचलं की चूक सापडते. शुद्धलेखनाच्या वह्या अदलाबदल करून तपासतो ना, तसंच!

हे नियम कुणी बसल्या बसल्या केलेले नाहीत. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये शेक एक्सली नावाचे गणिताचे शिक्षक होते. पाण्यातल्या गुहा हा त्यांचा छंद. गुहांत माणसं मरत होती. एक्सलींनी एकेका अपघाताचा शिक्षकासारखा अभ्यास केला : नेमकी चूक कुठे झाली? १९७९ साली त्यांनी छोटंसं पुस्तक काढलं. त्यात तीन मोठी कारणं सांगितली. बाहेरपर्यंत सलग दोरी लावली नव्हती. परतीसाठी दोन तृतीयांश हवा राखली नव्हती. आणि झेपेल त्यापेक्षा खोल गेले होते. या नियमांनी पुढे किती जण घरी सुखरूप परतले असतील! स्वतः एक्सली १९९४ साली मेक्सिकोतल्या एका अतिखोल विवरात गेले ते परत आले नाहीत. हेही मी भावाला मुद्दाम वाचून दाखवलं. नियम माणसाला राखतात, पण समुद्राकडून हमी कुणालाच मिळत नाही.

२०१८ सालची थायलंडची गोष्ट तुमच्या आईबाबांना आठवत असेल. १२ मुलं आणि त्यांचा फुटबॉलचा प्रशिक्षक थाम लुआंग गुहेत पावसाच्या पाण्यामुळे अडकले. नवव्या दिवशी, २ जुलैला, दोन ब्रिटिश पाणबुड्यांना ते सापडले आणि १० जुलैपर्यंत सगळे बाहेर आले. पाणी उपसण्याच्या कामात आपल्या महाराष्ट्रातल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञही मदतीला गेले होते. पण समन कुनान हे थायलंडच्या नौदलाचे माजी जवान गुहेत हवेचे सिलिंडर ठेवून परतताना वारले. मी ही हकिकत वर्गात सांगितली, तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, मग तुमचा भाऊ कशाला जातो?"

मी तिचा प्रश्न तसाच घरी नेला. भावाने जरा विचार करून उत्तर दिलं, "उद्या आपल्या किनाऱ्यावर कुणी असं अडकलं, तर ज्याला हे येतं असा आपल्यातला कुणीतरी नको का?" मग हसून म्हणाला, "आणि खरं सांगू? मला खालचं बघायचंय."

मी दोन्ही उत्तरं मुलीला सांगितली. दुसरं तिला जास्त पटलं.

या सगळ्यातला एक नियम मात्र मला फार आवडला, आणि तो मी सरळ वर्गात आणला. पाण्यात अंगठा वर केला, तर त्याचा अर्थ 'छान' असा नाही. 'पुरे, वर चला' असा आहे. गटातल्या कुणीही, कधीही अंगठा वर करावा. सगळ्यात नवख्यानेसुद्धा. तो दाखवला की सगळ्यांनी परत फिरायचं. का म्हणून पाण्यात विचारायचं नाही, आणि वर आल्यावर कुणी त्याला भित्रा म्हणायचं नाही.

आमच्या गावात शाळेच्या वाटेवर एक व्हाळ आहे. त्यावर साकव. पावसाळ्यात मुलं एकमेकांना डिवचतात, 'मारतोस का उडी?' दरवर्षी माझा जीव टांगणीला लागतो. ओरडून झालं, पालकांना सांगून झालं. या पावसाळ्यात वर्गाने अंगठ्याचा नियम केला. ऑगस्टमधे एका मुलाची आई मला बाजारात भेटली. तिचा मुलगा वर्गात फारसा बोलत नाही. साकवावर पाच जण होते, पाणी गढूळ आणि जोरात होतं. पहिला मुलगा शर्ट काढत असताना याने काही न बोलता अंगठा वर केला. चौघांनी एकमेकांकडे बघितलं, दप्तरं उचलली आणि पाचही जण शाळेत आले. उशीर झाला होता. मी त्यांना बाहेर उभं केलं होतं, हे मला तिने आठवण करून दिलं!

मुलांनो, हे वाचून लगेच पाण्यात उतरायला निघू नका हं. आधी नीट पोहायला शिका, मोठ्यांच्या देखरेखीखाली. स्कूबाचं लहान मुलांचं प्रशिक्षण दहाव्या वर्षापासून घेता येतं, तेही उथळ पाण्यात आणि प्रशिक्षकाबरोबर. टेक्निकल डायव्हिंग १८ वर्षं झाल्यावर, आणि त्याआधी पाण्यात बराच काळ काढल्यावर.

माझ्या भावाला आता प्रशिक्षकाने हो म्हटलं आहे. पुढचं शिक्षण घ्यायला तो अंदमानला जाणार आहे. सामानाची यादी आईने पाठ केली आहे आणि तीच त्याच्याकडून रोज म्हणून घेते.

जाता जाता तुमच्यासाठी एक गणित. १२ लिटरचे दोन सिलिंडर, २०० पट दाबाने भरलेले. पाणबुड्याला जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा लागते. तो ३० मीटर खोलीवरच्या गुहेत जाणार आहे. हवेचे तीन भाग केले, तर किती मिनिटांनी त्याने मागे फिरायला हवं? (उत्तर २० मिनिटं येतं का बघा.) आणि आलं तरी आणखी एकदा, शेजाऱ्याच्या वहीत त्याच्याकडून करून घ्या. माझा भाऊ माझ्याकडून तसंच करून घेतो.